क्रमांक आणि क्षण

वर्गांत शिरावें, खुर्चीवर बसावें, हजेरीपट उघडावा आणि एकापासून आरंभ करून क्रमांक पुकारीत जावें, हा आमचा गेल्या एकतीस वर्षांचा नित्यक्रम आहे. गणिताच्या अध्यापकास माणसांपेक्षां आंकडे लवकर ओळखूं येतात, असा आमच्या व्यवसायावर एक जुना आरोप आहे. आणि तो आमच्यापुरता तरी खरा आहे, हें कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. सतरा म्हटलें कीं खिडकीजवळचा उंच मुलगा, बेचाळीस म्हटलें कीं नेहमीं उशिरां येणारी मुलगी, अशा खुणा आमच्या मनांत पक्क्या बसलेल्या असतात. मात्र एका तुकडीचा हजेरीपट चुकून दुसऱ्या तुकडीच्या वर्गांत नेला तर काय होतें, याचाहि अनुभव आम्हीं घेतला आहे. 'सतरा' अशी हांक मारली कीं तेथेंहि कोणीतरी 'हजर' म्हणून उठतोच. कोणी तक्रार करीत नाहीं, कोठें गोंधळ उडत नाहीं. फक्त भलत्याच माणसाच्या नांवापुढें खूण पडते.

ही गोष्ट आम्हांस इतकी ठाऊक असूनहि, ज्या दिवशीं ती आठवावयास हवी होती त्या दिवशीं ती आठवली नाहीं. आणि त्याचा परिणाम असा झाला कीं, आमच्या स्वतःच्या आईला आमचें एक खरें वाक्य खोटें वाटलें.

आमच्या महाविद्यालयांत दर वर्षीं एक व्याख्यानमाला होते. कांहीं वर्षांपूर्वीं तिच्यांतील एक पुष्प गुंफण्याचा मान आम्हांस मिळाला. विषय होता 'आमचे गणिताचे गुरु'. आमची आई चौऱ्यांशी वर्षांची. रत्नागिरी जिल्ह्यांतील आमचें गांव सोडून ती आतां कोठें जात नाहीं. परंतु हल्लीं व्याख्यानें इंटरनेटवरून थेट दाखवितां येतात, आणि आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें महाविद्यालयासाठीं तशी सोय करून ठेविली होती. चित्र मोबाइलवर दाखविणारा प्लेअरहि त्यानेंच लिहिला होता. शेजारच्या सूनबाईंनीं मोबाइल उशीला टेकवून आईसमोर उभा केला, आणि आईनें आमचें व्याख्यान पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलें.

पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलें, असें तिला वाटलें. व्याख्यानाला सुमारें अर्धा तास झाला असतां आम्हीं शाळेंतील मास्तरांविषयीं बोलणें संपवून असें म्हटलें होतें कीं, "पण अंकांशीं माझी पहिली ओळख कोणीं करून दिली असेल तर ती माझ्या आईनें, परसांतल्या चिंचेचे चिंचोके ओटीवर मांडून." त्या रात्रीं आम्हीं घरीं फोन केला. आईनें व्याख्यानाची स्तुति केली, मास्तरांची आठवण निघाली, सभागृहांत माणसें बरीच दिसत होतीं असें ती म्हणाली. पण चिंचोक्यांचा उल्लेख नाहीं. आम्ही आडून आडून विचारूं लागलों. मास्तरांविषयीं सांगितल्यावर पुढें काय ऐकलेंस, असें विचारतांच ती म्हणाली, "मग तूं एकदम कॉलेजावर आलास कीं! आणि कॉलेजांतल्या प्रोफेसरांचें सांगतांना एक वाक्य दोनदां म्हणालास हो. वय झालें तुझें."

आम्हांस वाईट वाटलें. आम्हीं दुसरेच दिवशीं ध्वनिचित्रमुद्रणांतील तेवढा भाग काढून तिला पाठविला. संध्याकाळीं फोनवर ती म्हणाली, "पाहिलें. गोड आहे." मग थोडें थांबून, आवाजांत राग मुळींच नसतां, तिनें विचारलें, "हें मागाहून घातलेंस होय रे माझ्यासाठीं?"

या प्रश्नाचें उत्तर देणें आम्हांस फार कठीण गेलें. नाहीं म्हणावें, तर मुलगा आईचें मन राखण्यासाठीं नाहीं म्हणणारच. हें तिला आमच्यापेक्षां अधिक कळतें. पुरावा म्हणून जें द्यावयाचें तेंच संशयित ठरलेलें. तेव्हां हरवलेलें तें वाक्य कोठें हरवलें हें शोधून काढल्यावांचून गत्यंतर नाहीं, असें ठरवून आम्हीं त्या माजी विद्यार्थ्यास रविवारीं घरीं बोलाविलें.

पुढील हकीकत कळावी म्हणून हें थेट चित्र कसें येतें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. थेट या शब्दानें वाचकांच्या मनांत एखादी अखंड धार उभी राहील. पण येथें धार नसते. ॲपल कंपनीनें २००९ सालीं आणलेली एच्‌टीटीपी लाइव्ह स्ट्रीमिंग नांवाची जी पद्धति आज सर्वत्र रूढ आहे, तिच्यांत चालू असलेल्या चित्राचे कांहीं सेकंदांचे तुकडे पाडले जातात. आमच्या येथें तुकडा सहा सेकंदांचा होता. तुकडे सर्व्हरवर ठेविले जातात आणि त्यांच्या नांवांची एक यादी, जिला प्लेलिस्ट म्हणतात, त्यांच्या शेजारीं ठेविली जाते. पूर्वीं संगीत वाजविणारे प्रोग्राम गाण्यांची जशी साधी यादी ठेवीत, तशीच ही अक्षरांची यादी. नवा तुकडा तयार झाला कीं त्याचें नांव यादीच्या तळाशीं लिहिलें जातें आणि सर्वांत वरचें नांव पुसलें जातें. आमच्या यादींत एका वेळीं सहाच नांवें असत, म्हणजे छत्तीस सेकंदांचा काळ. पाहणाऱ्याचा प्लेअर ती यादी पुन्हां पुन्हां मागवितो, तींत नवें कांहीं दिसलें कीं तो तुकडा आणतो आणि मागच्यास जोडून दाखवितो. यादीच्या डोक्यावर एक आंकडा असतो: आतां वर असलेल्या पहिल्या तुकड्याचा अनुक्रमांक. त्यावरून खालच्यांचे क्रमांक एकेक वाढवून मोजावयाचे. हजेरीपटच तो! फरक इतकाच कीं, येथें वरचीं मुलें सारखीं उत्तीर्ण होऊन जातात आणि खालीं नवीं येतात.

याशिवाय आणखी एक सोय असते. शहरांतल्या जलद जोडणीला ठळक चित्र आणि खेड्यांतल्या मंद जोडणीला हलकें चित्र मिळावें, म्हणून एकाच कार्यक्रमाच्या दोन किंवा अधिक प्रती निघतात. प्रत्येक प्रतीची यादी निराळी. आमच्या दोन होत्या. पाहणाऱ्याकडील रेंज कमी झाली कीं प्लेअरनें ठळक प्रत सोडून हलकी धरावी, रेंज आली कीं परत जावें, आणि पाहणाऱ्यास त्याचा पत्ताहि लागूं नये. पत्ता लागूं नये या शेवटल्या गुणांतच आमचा घात झाला.

विद्यार्थ्यानें सर्व्हरची नोंदवही सोबत आणली होती. कोणत्या क्षणीं कोणत्या पत्त्यावरून कोणता तुकडा मागविला गेला, हें तींत ओळीनें लिहिलेलें असतें. आमच्या गांवाकडून आलेल्या मागण्या त्यानें वेगळ्या काढल्या आणि तो म्हणाला, "सर, चूक कोठेंच नाहीं. प्रत्येक मागणीला दोनशेंचें उत्तर आहे." दोनशें हा सर्व्हरच्या भाषेंत 'मागितलें तें दिलें' याचा अंक. तुकडा सांपडला नसता तर चारशेंचार असा अंक पडला असता. तसा एकहि नव्हता. आम्हीं ओळीवर बोट ठेवून पाहूं लागलों. ठळक प्रतीचा ३०९, ठळक प्रतीचा ३१०, येथें रेंज गेली, हलक्या प्रतीचा ३११, हलक्या प्रतीचा ३१२. क्रम कसा रेशमासारखा सरळ! पुढें तीन मिनिटांनीं हलक्या प्रतीचा ३४०, येथें रेंज परत आली, आणि ठळक प्रतीचा ३४१. एकहि आंकडा गळलेला नाहीं, एकहि दोनदां आलेला नाहीं. आणि तरीहि आईचें एक वाक्य गळलें होतें व दुसरें दोनदां आलें होतें.

गळणें आणि दोनदां येणें, या दोन गोष्टी आम्हांस तोंवर स्वतंत्र वाटत होत्या. आईनें एका दमांत सांगितलेल्या त्या दोन तक्रारी एकाच चुकीच्या दोन बाजू असतील, अशी शंका आली ती कागदावर दोन उभ्या रांगा मांडतांना. ठळक प्रत एका यंत्रावर तयार होत होती आणि हलकी दुसऱ्या. दोन्ही यंत्रें जुनीं आणि सभागृहामागच्या खोलींत दोन टोकांना ठेवलेलीं. "पहिलें कोणतें सुरू केलेंस?" असें आम्हीं विचारलें. विद्यार्थी म्हणाला, "ठळक. मग चालत जाऊन हलकें." त्या चालत जाण्यांत सुमारें बारा सेकंद गेले होते. बारा सेकंद म्हणजे दोन तुकडे. ठळक यादींत ज्या क्षणाला ३११ म्हणत, त्याच क्षणाला हलक्या यादींत ३०९ म्हणत होते. खालीं उतरतांना प्लेअरनें हलक्या यादींत ३११ मागितला, म्हणजे दोन तुकडे पुढची गोष्ट मागितली. वर चढतांना ठळक यादींत ३४१ मागितला, म्हणजे दोन तुकडे मागची. जातांना बारा सेकंद हरवले, येतांना बारा सेकंद पुन्हां ऐकूं आले. चिंचोके त्या हरवलेल्या बारा सेकंदांत होते.

सतरा नंबर हजर होता, पण तो दुसऱ्या तुकडीचा होता.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. प्लेअर लिहितांना, एका प्रतीवरून दुसऱ्या प्रतीवर जातांना तुकडा कसा निवडावा, अशी अडचण विद्यार्थ्यास पडली होती, आणि तो सल्ल्यासाठीं आमच्याकडेच आला होता. आम्ही तेव्हां उत्तरपत्रिका तपाशीत होतों. मान वर न करतां आम्हीं म्हटलें होतें, "अरे, क्रमांक आहेत ना? मग त्याच क्रमांकाचा घे." त्यानें तसें केलें, आणि प्रयोगशाळेंत तें बिनचूक चाललें, कारण तेथें दोन्ही प्रती एकाच यंत्रावर, एकाच क्षणीं सुरू होत. ज्या परिस्थितींत चूक दिसणें शक्यच नव्हतें, त्या परिस्थितींत ती दिसली नाहीं यावरून ती नाहीं असें आम्हीं दोघांनींहि ठरविलें.

या पद्धतीचे नियम रॉजर पँटोस आणि विल्यम मे यांच्या नांवांनीं ऑगस्ट २०१७ मध्यें आर्‌एफ्‌सी ८२१६ म्हणून प्रसिद्ध झाले आहेत. त्या रविवारीं आम्हीं ते प्रथमच शांतपणें वाचले. त्यांत स्पष्टच सांगितलें आहे कीं, निरनिराळ्या प्रतींच्या याद्यांतील तुकड्यांचा क्रमांक एकच असला म्हणून त्यांची कार्यक्रमांतील जागाहि एकच आहे असें प्लेअरनें गृहीत धरूं नये. प्रत्येक यादीचे क्रमांक स्वतंत्र असूं शकतात. काळाच्या रेषेवर तुकड्याचें स्थान कोणतें हें पाहून त्याचा जोडीदार शोधावा. गृहीत धरूं नये! हे तीन शब्द आम्ही एकतीस वर्षें विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवर तांबड्या शाईनें लिहीत आलों आहों. आमच्या स्वतःच्या उत्तरावर ते लिहावयास कोणी नव्हतें.

दुरुस्ती करण्यास तीन आठवडे लागले. दोन्ही यंत्रांचीं घड्याळें इंटरनेटवरील एकाच वेळ-सेवेशीं जुळविलीं. यादींत प्रत्येक तुकड्यापुढें तो घड्याळाच्या कोणत्या क्षणीं सुरू होतो हें लिहिण्याची सोय नियमांत आहेच. ती वापरावयास घेतली. प्रत बदलतांना प्लेअरनें क्रमांक न पाहतां तो क्षण पाहावा, असें केलें. तरी पहिल्या प्रयत्नांत अर्धा अर्धा शब्द दोनदां येऊं लागला, कारण दोन यंत्रांनीं पाडलेल्या तुकड्यांच्या कडा नेमक्या जुळत नव्हत्या. म्हणून योग्य तुकडा घेतल्यावरहि त्यांतील आधींच दाखविलेला भाग ओलांडून पुढें जावें लागलें. ज्या यादींत वेळ लिहिलेली नसेल तेथें काय करावें, हा वाद दोन दिवस चालला. शेवटीं असें ठरलें कीं, अशा वेळीं प्लेअरनें अंदाज करावा, पण पडद्याच्या कोपऱ्यांत 'येथें कांहीं क्षण गळले असण्याचा संभव आहे' असें लिहावें. विद्यार्थ्यास हें रुचलें नाहीं. आपल्या कामाची अब्रू आपणच कां घालवावी, असें त्याला वाटलें. पण आम्ही हटलों नाहीं. यंत्रानें चुकावें, याचें आम्हांस एवढें वाटत नाहीं. चुकून तें सांगूं नये, यांत अन्याय आहे. तुकडा सांपडला नसता तर चित्र थांबलें असतें, आईनें सूनबाईंना हांक मारली असती, आणि कांहींतरी बिघडलें एवढें तरी सर्वांना कळलें असतें. नेमक्या त्याच क्रमांकाचा तुकडा सांपडला, म्हणूनच पुढला अनर्थ झाला. ज्या चुकीला दोनशेंचें उत्तर मिळतें ती फार दिवस टिकते.

परीक्षेसाठीं आम्हीं एक युक्ति केली. दोन विद्यार्थ्यांकडून दोनपासून तिसापर्यंतचे पाढे म्हणवून घेतले, तें चित्र मुद्दाम निरनिराळ्या वेळीं सुरू केलेल्या दोन यंत्रांतून सोडलें, आणि मोबाइल हातांत घेऊन ग्रंथालयाच्या तळघरांत, जेथें रेंज मरते तेथें, जिन्यानें खालीं-वर केलें. जुन्या प्लेअरवर 'सत्तावीस दुणे चोपन्न' नंतर एकदम 'सत्तावीस आठे दोनशें सोळा' ऐकूं आलें. नव्या प्लेअरवर चित्र पुसट झालें, पुन्हां ठळक झालें, पण पाढा अखंड चालला. ग्रंथपाल आमच्याकडे ज्या नजरेनें पाहत होते तिचें वर्णन करण्याचें कारण नाहीं.

मे महिन्यांत आम्ही गांवीं गेलों. संध्याकाळीं ओटीवर बसून आम्हीं आईला सगळें समजावून सांगावयास घेतलें. पण सर्व्हर, प्रत, यादी या शब्दांशीं अडखळूं लागलों. तेव्हां तीच आंत गेली आणि डब्यांतून मूठभर चिंचोके घेऊन आली. आम्हीं दोन रांगा मांडल्या. दुसरी रांग दोन चिंचोके सोडून पुढून सुरू केली, आणि दोन्ही रांगा एकापासून मोजून दाखविल्या. वरच्या रांगेंत दहावर बोट ठेवलें, मग खालच्या रांगेंत अकरा शोधावयास सांगितलें. तिनें बोट फिरविलें आणि ती थांबली.

"मग हा अकरा त्या अकराच्या खालीं कुठें आहे?" ती म्हणाली. "हा दोन घरें पुढें आहे."

"म्हणूनच मधले दोन गेले."

"मग नंबर कशाला बघायचा? समोरासमोर कोणता आहे तो बघावा."

ज्यासाठीं आम्हांस एक नियमावली, एक नोंदवही आणि तीन आठवडे लागले, तें चौऱ्यांशी वर्षांच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनें एका श्वासांत सांगितलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं. ती चिंचोके पुन्हां डब्यांत भरूं लागली, आणि भरतां भरतां, आमच्याकडे न पाहतां, म्हणाली, "म्हणजे त्याच दिवशीं म्हणाला होतास तूं."

"त्याच दिवशीं."

"बरें."

तिनें एवढेंच म्हटलें. पण डब्याचें झांकण लावून ती उठली तेव्हां तिनें आमच्या डोक्यावरून हात फिरविला. आमच्या डोक्यावर आतां फारसे केस नाहींत, हा भाग निराळा.

पुढल्या वर्षीं आम्हांस दुसऱ्या एका विषयावर पुन्हां बोलावें लागलें. या खेपेस आम्हीं चिंचोक्यांची गोष्ट अगदीं शेवटल्या वाक्यासाठीं राखून ठेविली, आणि टाळ्या चालू असतांनाच व्यासपीठामागें जाऊन आईला फोन लावला. नियमावलीप्रमाणें प्लेअरनें थेट कार्यक्रमाच्या अगदीं टोकाशीं उभें राहूं नये. निदान तीन तुकड्यांइतकें मागें राहून आरंभ करावा, म्हणजे वाटेंत एखादा तुकडा अडला तरी चित्र तुटत नाहीं. तीन तुकडे म्हणजे अठरा सेकंद. तुकडा तयार होऊन पोंचेपर्यंतचा वेळ त्यांत मिळविला कीं आमची आई आमच्या मागें जवळजवळ अर्धा मिनिट असते. हें आम्हांस पाठ होतें, पण तिनें फोन उचलतांच तें आम्ही विसरलों आणि उतावीळपणें विचारलें, "आई, ऐकलेंस ना?"

"थांब," ती म्हणाली, "तूं अजून बोलतो आहेस."

आम्ही फोन कानाशीं धरून अंधारांत उभे राहिलों. गांवाकडच्या त्या खोलींतून, उशीला टेकविलेल्या मोबाइलमधून, आमचाच आवाज बारीक होऊन येत होता. तो एका वाक्याच्या शेवटीं थांबला, त्यानें श्वास घेतला, आणि मग चिंचोक्यांचें वाक्य, एकदांच आणि पुरें, आमच्या कानीं आलें. मागून टाळ्या आल्या.

"हं," आई म्हणाली, "आतां बोल."